किनाऱ्यावरचा चिखल्या काय खातो, कुठे खातो आणि तो बघायला कधी जायचं

कोकणातल्या कुठल्याही सपाट पुळणीवर हिवाळ्यात सकाळी उभे राहा. वाळूच्याच रंगाचं काहीतरी तुरुतुरु पळतं, एकदम थबकतं आणि नजर हलली की दिसेनासं होतं. तो बहुतेक वेळा चिखल्या (इंग्रजीत प्लोव्हर) हा किनाऱ्यावरचा छोटा पक्षी असतो. नवखे लोक दुर्बीण घेऊन त्याच्या मागे धावतात, तो पन्नास पावलं पुढे सरकतो, आणि तासाभरात पक्षीही जातो नि पाणीही चढतं. हा लेख त्या धावपळीऐवजी काय करायचं ते सांगतो. सूत्र एकच आहे: आधी त्याचं ताट कुठे मांडलंय ते शोधा, म्हणजे जेवणारा आपोआप सापडतो.

उदाहरणाला घेतलाय केंटिश चिखल्या. लांबी १५ ते १७ सेंटीमीटर, म्हणजे चिमणीपेक्षा जरासा मोठा, आणि वजन साधारण ४० ग्रॅम. इंग्लंडमधल्या केंट परगण्यात मिळालेल्या नमुन्यांवरून त्याला हे नाव पडलं, पण आज तिथे तो नियमित वीण करत नाही. आपल्या किनाऱ्यावर मात्र सप्टेंबर ते एप्रिल तो हमखास भेटतो.

१. बरोबर काय घ्यायचं

- ८×४२ ची, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी दुर्बीण. १०× किंवा १२× घेण्याचा मोह होतो, पण समुद्रवाऱ्यात हात हलतो आणि इतका छोटा, पळता पक्षी त्या अरुंद दृश्यात पकडता येत नाही.
- जमल्यास २० ते ६० पट मोठं दाखवणारा स्पॉटिंग स्कोप आणि दणकट तिपाई. ऊन चढल्यावर वाळूवरची हवा लहरते, तेव्हा ३० पटीच्या वर जाऊन काही उपयोग नाही.
- भिंतीवरची दिनदर्शिका किंवा भरती-ओहोटीचं वेळापत्रक. हे दुर्बिणीइतकंच महत्त्वाचं आहे.
- सेकंद दाखवणारं घड्याळ, छोटी वही, पेन्सिल. दमट हवेत शाईचं पेन कागदावर पसरतं.
- मातकट रंगाचे कपडे आणि टोपी. पांढरा शर्ट उघड्या पुळणीवर लांबूनच दिसतो.
- नाडीचे जुने कॅनव्हास बूट. खाडीच्या चिखलात गमबूट रुततो, पाय वर येतो आणि बूट आत राहतो. चपलेचं तर बोलायलाच नको.
- बसायला प्लास्टिकचा तुकडा, पिण्याचं पाणी, मोबाइलसाठी पाणी न शिरणारी पिशवी.

कागदपत्रांत सरकारी ओळखपत्र नेहमी जवळ असू द्या. उरणसारख्या ठिकाणी बंदर आणि नौदलाची हद्द जवळ आहे. तिथे मोठी लेन्स लावलेला माणूस हटकला जाणारच. अभयारण्यात जायचं तर वनखात्याचं प्रवेशशुल्क आणि नियम आधी विचारून घ्या. मिठागरांवर जाताना तिथे काम करणाऱ्या माणसाला विचारल्याशिवाय बांधावर चढू नका. ड्रोन घरीच ठेवा: परवानगीचा प्रश्न वेगळा, पण वरून काही घोंघावलं की चिखल्याच्या लेखी तो ससाणाच.

२. पक्षी ओळखा, पण तीनच खुणांवर

हिवाळ्यात सगळे चिखल्या वरून मातकट आणि खालून पांढरे दिसतात. पुस्तक उघडून सगळी लक्षणं जुळवत बसलात तर पक्षी उडून जाईल. मान, छाती आणि पाय एवढंच बघा.

केंटिश चिखल्याच्या मानेभोवती मागूनही पांढरी पट्टी असते, जणू कॉलर. छातीवरचा गडद पट्टा मध्ये तुटलेला असतो. दोन्ही बाजूंना फक्त डाग उरतात. पाय काळपट राखाडी, चोच बारीक आणि काळी. मार्चच्या सुमाराला नराच्या डोक्यावर तांबूस टोपी चढते आणि कपाळावर काळी रेघ उमटते, तेव्हा ओळख सोपी होते.

त्याच्यासोबत हमखास असतो तिबेटी वाळू-चिखल्या (जुन्या पुस्तकांत छोटा वाळू-चिखल्या). हा जरा मोठा, जाडसर चोचीचा, आणि मुख्य म्हणजे याला मानेमागे पांढरी कॉलर नसते. तो तिबेट-लडाखकडच्या उंच प्रदेशातून येतो आणि ऑगस्टमध्येच दिसायला लागतो. तिसरा कंठेरी चिखल्या: गळ्यात गडद पट्टा आणि डोळ्याभोवती पिवळं कडं. हा गोड्या पाण्याच्या काठी जास्त, उघड्या पुळणीवर कमी.

सापळा इथे आहे: चिखल्या मान आखडून उभा असला की पांढरी कॉलर पिसांत बुडते आणि केंटिशचा वाळू-चिखल्या होतो. त्यामुळे उभ्या पक्ष्यावर निकाल देऊ नका. तो धावायला लागेपर्यंत थांबा. धावताना मान लांबते आणि खरं काय ते दिसतं.

दक्षिण तमिळनाडू किंवा श्रीलंकेच्या किनाऱ्यावर हाच दिसणारा पक्षी बहुधा हनुमान चिखल्या असतो. तो २०२३ मध्ये केंटिशपासून वेगळी जात म्हणून मांडला गेला. रामसेतूच्या दोन्ही बाजूंना त्याचा वावर, म्हणून हे नाव.

३. भरतीचं गणित तिथीवरून मांडा

सगळ्यात जास्त लोक इथेच चुकतात. पक्ष्यांसाठी पहाट चांगली असते हा जंगलातला नियम किनाऱ्यावर लागू नाही. इथे घड्याळ पाण्याचं चालतं. ओहोटीला चिखल उघडा पडला की चिखल्या खातो, भरतीला तो झाकला गेला की विसावतो, मग दिवस असो की रात्र.

कोकणातला जुना हिशेब असा: तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा, ती पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर ४ ची पाऊणपट ३, म्हणजे दुपारी आणि पहाटे ३ च्या सुमारास पूर्ण भरती. त्यानंतर सहा तासांनी, ९ ला, पूर्ण ओहोटी. अष्टमीला भरती ६ वाजता, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा ते बाराच्या दरम्यान. वेळ दररोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. हा हिशेब मुंबईच्या आसपासच्या किनाऱ्याला अर्ध्यापाऊण तासाच्या फरकाने जमतो. भरतीची लाट दक्षिणेकडून उत्तरेला सरकते, त्यामुळे गोव्यात ती मुंबईच्या आधी येते. उलट खाडीत जितकं आत जाल तितकं पाणी उशिरा पोहोचतं. नेमकी वेळ हवी तर छापील तक्ता बघा. सहल कुठल्या रविवारी ठरवायची एवढ्यासाठी तिथी पुरते.

आता यातलं कामाचं सूत्र. जायचं ते चढत्या भरतीला, पूर्ण भरतीच्या आधी अडीच-तीन तास. पूर्ण ओहोटीला गेलात तर पक्षी किलोमीटरभर पसरलेल्या चिखलावर ठिपक्यांसारखे विखुरलेले असतात. पाणी चढू लागलं की त्यांचं ताट अरुंद होत जातं आणि पाणीच त्यांना ढकलत तुमच्याकडे आणतं. तुम्हाला फक्त बसून राहायचं आहे.

दुसरी गोष्ट उजेड. आपला किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे. सकाळी समुद्राकडे बघताना सूर्य तुमच्या पाठीशी असतो आणि पक्ष्याचा पायसुद्धा स्वच्छ दिसतो. संध्याकाळी सूर्य समोर, पाणी चकाकतं आणि सगळे पक्षी काळ्या आकृत्या होतात. म्हणून सकाळ आणि चढती भरती एकत्र येणारे दिवस निवडा. हिशेब केलात तर हे दिवस द्वादशीपासून पुढच्या द्वितीयेपर्यंत येतात, दोन्ही पक्षांत. त्रयोदशीचं उदाहरण घ्या: १३ ची पाऊणपट पावणेदहा. सात वाजता पुळणीवर बसा, नऊपर्यंत खाणं बघा, त्यानंतर पक्षी विसाव्याला कुठे जातात ते बघा.

अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते. पाणी फार चढत नाही, फार उतरतही नाही. खालचा सुपीक चिखल नीट उघडा पडत नाही आणि दुपारी बारा वाजता ओहोटी, म्हणजे उन्हाच्या झळांतून बघणं. ते दिवस मिठागरांना द्या.

४. ताट कुठे मांडलंय ते वाचा

पुळण एकसारखी दिसते, पण वरून खाली तिचे वेगवेगळे पट्टे असतात आणि प्रत्येकात खाणं वेगळं.

सगळ्यात वर मर्यादवेल आणि कोरडी वाळू. इथे चिखल्या सहसा खात नाही. भरतीला विसावा घेतो, पावलांच्या खळग्यात अंग चेपून बसतो. या भागातून चालताना दर दहा पावलांवर थांबून समोरची वाळू दुर्बिणीने बघा, नाहीतर पायाखालून थवा उठतो.

त्याखाली भरतीची रेघ: वाहून आलेलं शेवाळ, काटक्या, पाचोळा, मेलेली मासळी. याच ओळीत माश्या, त्यांच्या अळ्या आणि उड्या मारणारे बारीक कवचधारी किडे असतात. केंटिश चिखल्याला ही रेघ फार प्रिय आहे. पुळण 'स्वच्छ' करायला यंत्राने सगळा पाचोळा उचलतात तिथे ही पंगतच उठते. प्लास्टिक उचला, शेवाळ राहू द्या.

मग येतो ओल्या, घट्ट वाळूचा रुंद पट्टा. तिथे मोहरी ते वाटाण्याएवढ्या गोळ्यांची नक्षी दिसते ना? ती बारीक खेकड्यांची. ओहोटीला ते बिळातून बाहेर येऊन वाळूतला खाद्यांश चाटून घेतात आणि उरलेल्या वाळूची गोळी बाजूला टाकतात. गोळ्या ताज्या आणि ओलसर असतील तर खेकडे आत्ता बाहेर आहेत आणि चिखल्याही फार लांब नसेल. गोळ्या कुठेच नसतील, वाळू जाड आणि किनारा उताराचा असेल, तर तिथे तासभर घालवू नका. जाड वाळूतून पाणी झटकन निथळतं, सेंद्रिय कण टिकत नाहीत, आणि खाणारे जीवही राहत नाहीत. बारीक वाळूत थोडा गाळ मिसळलेली सपाट पुळण सगळ्यात भरलेली. अलिबागजवळची अक्षी, वसईजवळचं भुईगाव आणि गोव्यात मोरजीला शापोरा नदीचं मुख ही पक्षीनिरीक्षकांची जुनी ठिकाणं यामुळेच.

खाडीतला चिखल हा वेगळा संसार. शिवडी आणि ठाणे खाडीचे चिखलपट्टे लोक रोहितांसाठी (फ्लेमिंगो) ओळखतात, पण रोहितांच्या पायांशी बघितलं तर चिखल्या आणि टिलवे, तुतवार अशा इतर छोट्या किनारी पक्ष्यांची गर्दी असते. ठाणे खाडीचं रोहित अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झालं आणि २०२२ मध्ये ते रामसर स्थळांच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेलं. चिखलात समुद्री कृमी, बारीक शिंपले, गोगलगायी असं सगळंच असतं. मात्र केंटिश चिखल्या कांदळवनाच्या अगदी कडेला फारसा येत नाही. त्याला चहूबाजूंना मोकळी नजर लागते; झाडीच्या आडून येणारा शिकारी पक्षी त्याला उशिरा दिसतो.

राहिली मिठागरं. उथळ, खारट, तापलेल्या पाण्याच्या कडेला खारमाश्यांचे थर बसतात आणि त्यांच्या अळ्या पाण्यात. भरतीच्या वेळी बाहेरचा चिखल बुडाला की इथे जेवण चालूच राहतं, शिवाय बांधांवर विसावाही मिळतो. मिठागर म्हणजे चिखल्याचं दुसरं स्वयंपाकघर समजा. एक पथ्य पाळा: कप्प्यात पाय टाकू नका. तो तळ तुडवून, ठोकून घट्ट केलेला असतो. तुमच्या बुटाच्या खड्ड्याने कुणाच्यातरी मिठात माती येते.

५. जागा घ्या आणि हलू नका

ओल्या पट्ट्याच्या वरच्या कडेला, पाण्यापासून साधारण ६० ते ७० मीटर मागे बसा. उभा माणूस धोका वाटतो, बसलेला कमी. पक्षी आणि तुमच्यात ५० मीटर ठेवा. तो स्वतःहून जवळ आला तर येऊ द्या. पहिली दहा-पंधरा मिनिटं काहीच घडत नाही असं वाटेल. वाळूवर नजर स्थिर ठेवा, पक्षी शोधू नका, हालचाल शोधा.

चिखल्या अस्वस्थ झाल्याच्या खुणा क्रमाने दिसतात. आधी खाणं थांबतं. मग मान ताठ होते आणि डोकं वरखाली झटकतं. मग तो धावत दूर जातो, आणि शेवटी उडतो. उडाल्यावर चुकलं हे सगळ्यांनाच कळतं. खाणं थांबलं तेव्हाच मागे सरकायचं असतं. मार्च-एप्रिलमध्ये तर जास्तच जपा. तेव्हा ते परतीच्या प्रवासासाठी अंगावर चरबी चढवत असतात आणि प्रत्येक उड्डाण त्या शिलकीतून वजा होतं.

फोटो काढणाऱ्यांसाठी एवढंच: ४०० मिलिमीटरच्या वरची लेन्स, कोपरं वाळूत टेकवून पालथं पडणं, आणि पक्ष्यामागे सरपटत न जाणं.

६. खाण्याची लय मोजा

आता खरी मजा. चिखल्याची पद्धत आहे धाव, थांब, टिप. पाच-दहा पावलं भरभर धावतो, पुतळ्यासारखा थांबतो, आणि एकतर वाकून टिपतो किंवा पुन्हा धावतो. याला कारण आहे. त्याची चोच आखूड, जेमतेम दीड सेंटीमीटर, म्हणून खोल खुपसून शोधणं त्याला जमत नाही. तो डोळ्यांनी शिकार करतो. धावताना नजर हलते. थांबला की समोरच्या स्थिर वाळूत हललेली एकच गोष्ट उठून दिसते. शिवाय पावलांच्या धक्क्याने कृमी नि खेकडे आत दडतात, ते पुन्हा वर यायला क्षणभर शांतता लागते. म्हणूनच चिखल्या एकमेकांपासून अंतर राखून पसरतात. टिलवे, तुतवार यांच्या चोचीचं टोक संवेदनशील असतं. चिखलात खुपसून ते चाचपून शोधतात आणि खांद्याला खांदा लावून जेवू शकतात. छोटा टिलवा बघाल तर शिवणयंत्राच्या सुईसारखा टकटक चालू असतो. दूरवरून रंग दिसत नसला तरी या लयीवरून चिखल्या आणि टिलवा वेगळे काढता येतात.

मोजणी अशी करा:

१. एक पक्षी निवडा. सगळ्यात जवळचा नको, मधला घ्या; जवळचा तुमच्या दडपणाखाली असतो.
२. दोन मिनिटं फक्त त्याच्यावर नजर. वहीत बघू नका. आकडे तोंडाने बोला, सोबत्याला लिहू द्या, किंवा मोबाइलवर आवाज मुद्रित करा.
३. तीन गोष्टी मोजा: किती वेळा थांबला, किती वेळा टिपलं, किती वेळा गिळलं.
४. पट्टा लिहा: भरतीची रेघ, ओली वाळू, पाण्याची कड, चिखल, मिठागर.
५. पूर्ण भरतीला किती वेळ उरलाय ते लिहा.
६. पुढचा पक्षी घ्या, पण निदान वीस मीटर पलीकडचा, नाहीतर तोच पुन्हा मोजला जातो.

टिपणं म्हणजे मिळणं नव्हे, हे पक्कं लक्षात ठेवा. नवखे दोन्ही एकच धरतात आणि पक्षी भलताच खादाड ठरतो. गिळताना चिखल्या डोकं किंचित मागे झटकतो आणि घसा हलतो. ते दिसलं तरच एक मिळालं. समजा दोन मिनिटांत १६ वेळा टिपलं आणि ६ वेळा गिळलं, तर मिनिटाला ३ घास. असे दहा पक्षी मोजले की पट्ट्यापट्ट्यांतला फरक तुम्हालाच दिसू लागेल. एका पक्ष्याच्या आकड्यावरून काही ठरवू नका. त्याला नुकतं मोठं गाठोडं मिळालेलं असू शकतं.

काय खाल्लं तेही हालचालीवरून बऱ्यापैकी कळतं. चोच वाळूत टेकवून मागे ओढत राहिला, मान ताणली, थांबला, पुन्हा ओढलं: कृमी. घाई केली तर तो तुटतो, म्हणून हळूहळू ओढणं चालतं. उचललं, आपटलं, झटकलं, पुन्हा उचललं: खेकडा, पाय निखळवणं चाललंय. अगदी बारीक खेकडा मात्र अख्खाच जातो. झटक्यात उचललं आणि त्याच धावेत पुढे: माशी किंवा उडता किडा. छोट्या गोगलगायी आणि शिंपले कवचासकट गिळले जातात; फोडायचं काम पोटातली पेषणी करते.

कधी तो एका जागी उभा राहून एक पाय ओल्या मातीवर थरथरवतो. दुखापत झाली असं समजून लोक हळहळतात. ती युक्ती आहे: थरथरीने खालचे जीव हलतात, आणि हललं की दिसलं. हे दिसलं तर वहीत वेगळी खूण करा.

रात्रीचंही थोडं. चिखल्याचे डोळे अंगाच्या मानाने मोठे असतात आणि तो रात्रीही खातो, चांदण्यात तर छान. बरेच कृमी रात्री वर येतात. म्हणजे दिवसा तो तासन्‌तास झोपलेला दिसला तर आजारी नव्हे, रात्रपाळी करून आलेला असू शकतो. बघायला म्हणून बॅटरी मारत फिरू नका.

७. पक्षी गेल्यावर वाळू वाचा

ही पायरी बहुतेक जण सोडून देतात. थवा हलल्यावर ओल्या वाळूवर जा. चिखल्याच्या पावलाला पुढची तीनच बोटं उमटतात, मागचं बोट त्याला नाही. पावलांची एक ओळ पळत येते, मग दोन्ही पावलं शेजारी: इथे तो थांबला. तिथून हातभर पुढे वाळू जराशी टोकरलेली दिसली तर टिपलं. तुतवार-टिलव्यांच्या वाटेवर टाके घातल्यासारखी भोकांची ओळ असते. एक फसगत: लाटेच्या मागेपुढे पळणाऱ्या सँडरलिंग या छोट्या किनारी पक्ष्यालाही मागचं बोट नसतं. त्यामुळे फक्त पावलावरून ठरवू नका, भोकं बघा.

अभयारण्याबाहेरच्या सार्वजनिक पुळणीवर दोन-तीन जागी १० बाय १० सेंटीमीटर, ५ सेंटीमीटर खोल एवढी वाळू उचलून चहाच्या मोठ्या गाळणीत समुद्राच्या पाण्याने गाळा. काय वळवळतंय ते बघा, मोजा, आणि सगळं त्याच खड्ड्यात परत टाका. एक गाळणी भरतीच्या रेघेजवळ, एक गोळ्यांच्या पट्ट्यात, एक पाण्याजवळ. नळाचं पाणी वापरू नका, त्यात हे जीव मरतात.

८. पाण्याची भीती बाळगा

भरती सहा तास एकसारख्या वेगाने चढत नाही. एकूण चढाचे बारा भाग केले तर पहिल्या तासात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या नि चौथ्यात तीन-तीन, मग दोन, मग एक. म्हणजे मधल्या दोन तासांत निम्मं पाणी येतं. मुंबईकडे उधाणाला पाणी साडेचार मीटरच्या वर जातं. तिथे याचा अर्थ सपाट पुळणीवर पाणी चालत्या माणसाच्या वेगाने येतंय असं वाटतं. गोव्यात चढ-उतार याच्या निम्म्याच्या आसपास, म्हणून तिथली सवय उरणला वापरू नका.

खरा धोका समोरून नसतो, मागून असतो. चिखलात ओहळ असतात. ते आधी भरतात आणि तुम्ही उंचवट्यावर पक्षी बघत असताना मागची वाट तुटते. आत जायचंच असेल तर स्थानिक कोळ्याला विचारा, एकट्याने जाऊ नका, आणि पाणी वळायच्या आधीच माघारी फिरा. पाय गुडघ्यापर्यंत रुतला तर उपसायची झटापट करू नका; मागे बसा, वजन पसरवा, पाय हळूहळू हलवत मोकळा करा.

९. घरटं किंवा कडी दिसली तर

केंटिश चिखल्या भारतात गुजरातच्या खारट प्रदेशात वीण करतो. वाळूत नुसता खळगा, त्यात बहुतेक वेळा तीन ठिपकेदार अंडी. तुमच्यासमोर एखादा चिखल्या पंख मोडल्यासारखा लोळायला लागला तर खळगा जवळच आहे. त्याच्या मागे न जाता आल्या पावली परत फिरा. उन्हाळ्यात तो पोटाची पिसं पाण्यात भिजवून येतो आणि अंडी गार ठेवतो. तुम्ही तिथे उभे राहिलात तर ती काही मिनिटांत तापतात. घरट्याची जागा कुठेही जाहीर करू नका.

पायात अभ्यासकांनी ओळखीसाठी घातलेली धातूची कडी किंवा रंगीत पट्टी दिसली तर या क्रमाने टिपा: कुठला पाय, सांध्याच्या वर की खाली, रंग, त्यावरची अक्षरं, मग तारीख, वेळ, जागा. मधला जो सांधा आपल्याला गुडघा वाटतो तो खरं तर घोटा आहे, पण नोंदीत 'सांध्याच्या वर' एवढं लिहिलं की पुरतं. पाय पक्ष्याचा डावा, तुमचा नव्हे; समोरून येणाऱ्या पक्ष्यात इथे हमखास गल्लत होते. अक्षर अर्धवट वाचता आलं तर अंदाज न करता जागा रिकामी सोडा. ही माहिती बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला कळवा. भारतात कडी घालण्याचं मोठं काम त्यांचं आहे.

बाकीच्या नोंदी ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाका. यादीत 'छोटे चिखल्या' असा ढोबळ शेरा चालतो. न ओळखलेल्याला केंटिश म्हणून रेटण्यापेक्षा तो बरा. दरवर्षी जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना असते, ती १९८७ पासून चालू आहे आणि तिथे नवख्यांना जाणत्यांच्या जोडीला देतात. त्या आठवड्यातली तिथी बघा, भरतीची वेळ काढा आणि गटप्रमुखाला ती आधीच सांगा. सकाळी सहाला जमायचं ठरवून अष्टमीच्या भरतीत उभे राहिलेले गट काही कमी नाहीत.